एक्केचाळिसावा सेकंद

१

सत्तावीस वर्षं मी लोकांना गप्प बसवून पगार घेतला. कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रक होतो. शॉट संपला की सगळ्यांना जागच्या जागी उभं करायचो आणि एक मिनिट नुसत्या जागेचा आवाज धरायचो. नट मंडळी वैतागायची. पण रिकामी खोली कधी मुकी नसते. तिचा स्वतःचा एक बारीक आवाज असतो आणि तो संवादांखाली अंथरला नाही तर सिनेमा ठिगळं लावल्यासारखा ऐकू येतो. हे मी आयुष्यभर सांगत आलो आणि आयुष्यभर कुणी मनावर घेतलं नाही.

स्टुडिओ बंद पडला, मी घरी बसलो. २००८च्या दिवाळीत आमची विद्याश्री पुण्यातली नोकरी सोडून आली आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "अप्पा, मी सीरियल काढालोय. इंटरनेटवर."

"टीव्हीवर का न्हाय?"

"टीव्हीवाले दारात उभं करत न्हाईत. इंटरनेटला दारच न्हाय."

गोष्ट तिनंच लिहिली होती. एक ग्रह असतो. तिथल्या माणसांच्या तळहातात उजेडाचा एक तुकडा असतो, आणि त्याच्याकडे बघून बघून त्यांच्या माना कायमच्या वाकलेल्या असतात. तीन पिढ्यांत कुणी आभाळ बघितलेलं नाही. मग एक बाई मान वर करते. सात-सात मिनिटांचे भाग. सायबर कॅफेत बसून एक भाग चढवायला अर्धा दिवस जायचा. ज्यांच्याकडे नेट नाही ते मेमरी कार्डात भरून घ्यायचे. उजेडासाठी तिनं प्रत्येकाच्या हातात आरशाचा तुकडा दिला होता. ऊन आरशावर पडायचं आणि चेहऱ्यावर यायचं. मी हसायला बसलो होतो, पण पहिला शॉट बघून गप्प झालो. पोरगी हुशार होती, हे मला मान्य करावंच लागलं.

फक्त एक होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वाकलेल्या मानांची गोष्ट लिहिणारी ही बया स्वतः ताटावर बसून फोनमध्ये डोकं घालायची. नवा, बटणं नसलेला फोन. कुणी बघितलं, किती जणांनी बघितलं, कोण काय म्हणालं. माझी बायको शांतव्वा म्हणायची, "बोला की तिच्यासंगट." मी बोलायचो. विद्या म्हणायची, "हं."

खरं सांगतो, त्या 'हं'चा मला फार त्रास व्हायचा. तिच्या सीरियलचा आवाज धरायचं काम मी पत्करलं ते कलेसाठी नव्हे. ते एक मिनिट तरी ती माझ्याशेजारी मान वर करून उभी राहील, एवढीच आशा होती.

२

पहिल्याच दिवशी मी नियम घातला. शांतव्वाची दुधाची मोठी किटली नेली आणि सगळ्यांचे फोन बंद करून त्यात टाकायला लावले. वर झाकण. कारण फोन माइकजवळ असला की तो वाजायच्या आधीच यंत्रात टर्र-टर्र ऐकू येतं. घंटी नंतर, खरखर आधी. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी कधी न आलेल्या गोष्टीचा आवाज ऐकला नव्हता, तो या पोरांच्या फोनांनी ऐकवला.

विद्याचा फोन मात्र किटलीत जाईना. "मी दिग्दर्शक हाय, अप्पा. कुणाचा पण फोन येतोय."

"मग मी कोण हाय?"

"हं," ती म्हणाली.

जागेचा पहिला आवाज धरला तो दूध कट्ट्यावर. संध्याकाळची वेळ, म्हशी बांधलेल्या, धारोष्ण दुधाचे ग्लास घेऊन लोक उभे. कोल्हापुरातल्या माणसाला एक मिनिट गप्प उभं करणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. एक गवळी म्हणाला, "पावणं, आमी गप बसतो, पर म्हशीला कोण सांगणार?" तरी बसले बिचारे गप्प. विद्या माझ्या माइकपासून हातभर अंतरावर उभी होती.

घरी येऊन ऐकलं. म्हशीचा सुस्कारा, कुठंतरी रिक्षा, शेणावर पाय पडल्याचा आवाज. आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला, फार लांबून:

ठण्. ठण्. मग काहीतरी घसरल्यासारखं खर्रर्र. मग पुन्हा ठण्.

बादली असेल. तिथं बादल्यांना काय तोटा. मी कागदावर नेहमीसारखं लिहिलं, '४१ से. – काढणे', आणि तेवढा तुकडा कापून 'काढलेले' नावाच्या कप्प्यात टाकला. कापलेलं मी कधी फेकत नाही, ही जुनी खोड.

३

दुसरा आवाज हातकणंगले स्टेशनवर धरला. भर दुपारी, दोन गाड्यांच्या मध्ये, फलाट रिकामा असताना. म्हशी नाहीत, बादल्या नाहीत. विद्या पुन्हा माझ्या उजव्या हाताला, अंगठा फोनवर चाललेला. कानांवर हेडफोन होता आणि मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं.

घरी ऐकताना एक्केचाळिसावा सेकंद आला.

ठण्. ठण्. खर्रर्र. ठण्.

या वेळी जरा जवळून.

मी चहा करून प्यालो. लोखंडाचे रूळ उन्हात तापले की बोलतात, हे मला माहीत होतं. रुळावर काम करणारे लोक हातोडा घेऊन फिरतात, हेही माहीत होतं. पण माणसाचं मन खवचट असतं. मी दूध कट्ट्याचा कापलेला तुकडा काढला आणि स्टेशनच्या तुकड्याखाली कॉम्प्युटरवर ठेवला. पडद्यावर आवाज रेघेसारखा दिसतो, ठोका म्हणजे वर उठलेली सुई. दोन सुया, मध्ये गवतासारखी खरखर, मग तिसरी सुई. वरच्या सुया खालच्या सुयांवर बसल्या. केसभरही फरक नाही.

कुठलाही गवळी आणि कुठलाही रेल्वेवाला इतक्या सारख्या मापानं ठोकू शकत नाही. म्हणजे दोष यंत्रात. मला उलट बरं वाटलं. मी वायर बदलली, बॅटऱ्या बदलल्या, कार्ड बदललं. मागच्या खोलीत दार लावून एकट्यानं तासभर आवाज धरला. स्वच्छ. गच्चीवर धरला. स्वच्छ. चला, कार्ड खराब होतं, असं मी शांतव्वाला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

४

चौथ्या भागातला एक प्रसंग आमच्याच स्वयंपाकघरात होता. शांतव्वा मठात गेली होती. घरात आम्ही दोघंच. विद्यानं संवाद म्हटले, मग मी तिला पाटावर बसवलं आणि जागेचा आवाज धरला. नवं कार्ड, नवी वायर. नळ घट्ट बंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवला होता.

ती उठून गेल्यावर मी तिथंच बसून ऐकलं. तिचा श्वास येत होता. फोनच्या काचेवरून अंगठा सरकतो त्याचा बारीक आवाज येत होता. चाळीस.

ठण्!

मी हेडफोन कानांवरून ओढून काढला. खोलीतच कुणीतरी ठोकलं होतं. ओट्यावरची भांडी जागेवर होती. मी हेडफोन परत लावला आणि पुढचं ऐकलं. दुसरा ठोका, घसरणं, तिसरा. आणि त्याच्या मागून, आजवर ऐकू न आलेलं एक: कुणाची तरी धाप. पुरुषाची. जीव तोडून पळाल्यासारखी.

मग कागद घेऊन मास्तरासारखं मांडलं. गच्ची स्वच्छ, मागची खोली स्वच्छ. कट्टा, स्टेशन, स्वयंपाकघर, या तीन ठिकाणी आवाज. तिन्हीत जागा वेगळी, स्वयंपाकघरात तर कार्डही नवं. तिन्हीत एकच गोष्ट सारखी, माइकच्या हातभर अंतरावर विद्या. आणि दर वेळी आवाज आधीपेक्षा जवळ येत होता.

मी भुताखेतांचा माणूस नाही. पण बापाला भ्यायला भूत लागत नाही. जे काही होतं ते माझ्या पोरीकडे चालत येत होतं, आणि मी ते कापून कप्प्यात टाकत होतो.

मी तिला बोलावून तीनही तुकडे ऐकवले. तिनं हेडफोन लावला, भुवया उडवल्या. "भारी हाय की अप्पा! कुठनं काढला? आपल्या ग्रहाला चालंल हा आवाज."

"विद्या, मी काढला न्हाय. आपोआप आलाय. तुझ्याजवळ आलाय."

"हं," ती म्हणाली. तिच्या हातात फोन उजळला होता.

५

शेवटचा प्रसंग कोडोलीला, गुऱ्हाळावर. विद्याला ग्रहाचं पोट दाखवायचं होतं. कॅमेरा धरणारा जोतीराम तिथलाच. गुऱ्हाळ त्याच्या चुलत्याचं.

"दुसरीकडं कुठं तरी करूया," मी म्हणालो.

"का?"

काय सांगणार? म्हटलं, "इंजिनाचा आवाज लई."

"मग तुमी कशाला हाय?" ती हसली. खरंखुरं, माझ्याकडे बघून हसली, आणि मी हरलो.

गुऱ्हाळ तिनं निवडलं होतं ते मात्र अचूक. चुलवाणात चिपाडं धडधडत होती, वरच्या काहिलीत, भल्यामोठ्या लोखंडी कढईत, उसाचा रस उकळत होता आणि सगळं छप्पर वाफेनं भरलेलं. समोरचा माणूस येतो-जातो असा दिसायचा. काहिलीशेजारी वाफा, म्हणजे तयार पाक ओतायचं सिमेंटचं उथळ टाकं. पाक झाला की यारी नावाच्या हातक्रेनच्या साखळीनं काहील उचलून त्यात पालथी करतात. आकाराम गुळव्या काहिलीजवळ उभा. चाळीस वर्षं गूळ करणारा माणूस, नजर पाकावरून हलायची नाही.

सीन झाला. गावातली वीसेक माणसं हातात आरसे घेऊन माना घालून उभी राहिली होती. मी सगळ्यांना हाताची घडी दाखवली. "आता एक मिनिट. कुणी अक्षर काढायचं न्हाय. कायबी झालं तरी."

आकाराम म्हणाला, "ओ, पाक कुणासाठी थांबत न्हाय. बोलत न्हाय आमी, पर हात तर हलवू न्हवं?"

"हात हलवा. तोंड बंद."

"हाय तसंच उभं ऱ्हावा सगळे," विद्या गावकऱ्यांना म्हणाली. "माना खालीच." आणि पुढच्या शॉटला कॅमेरा कुठून लावायचा ते बघायला ती कोरड्या वाफ्यात उतरली. जोतीराम खाली बसून वायर गुंडाळायला लागला. कॅमेरा तिकाटण्यावर तसाच चालू राहिला, बंद करायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

फोन किटलीत होते. एक सोडून.

६

मी यंत्र चालू केलं आणि नजर काट्यावर लावली. माइकची अ‍ॅल्युमिनियमची काठी डाव्या हातात, पेन्सिल उजव्या. इंजिनाचा धपधप, चुलवाणाची धग, पाकाचा रटरट. छान जागा होती. तीस सेकंद. पस्तीस. माझं अंग घामानं भिजलं होतं, पण मनात म्हटलं, आज काही नाही. चाळीस.

ठण्. ठण्. खर्रर्र. ठण्.

हेडफोनमध्ये, कानाला लागून. आणि मी काय केलं? जे सत्तावीस वर्षं केलं तेच केलं. खाली वाकलो आणि कागदावर लिहिलं, '४१ से. – काढणे'.

'णे'ची मात्रा ओढताना डोक्यात आलं, अरे, हा आवाज धरताना कधी ऐकू येत नाही. नंतर घरी ऐकू येतो. आज कुणी वाजवला?

म्हणून मी मान वर केली.

यारीची साखळी ताठ झाली होती. आकारामनं हात वर करून इशारा दिला होता. बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून 'सरका' म्हणाला नव्हता. वाफेतून त्याला पलीकडचं दिसत नव्हतं. साखळी ओढणाऱ्यांची वाफ्याकडे पाठ होती. वीस माणसं आरशात बघत होती. काहील कलत होती, तिच्या काठावर लाल पाक जमत होता, आणि वाफ्यात माझी पोरगी उभी होती. मान खाली. अंगठा चाललेला.

मी ओरडलो का? मला आठवत नाही. ओरडलो असलो तरी इंजिनात विरलं. हातात काठी होती. ती मी उलटी करून काहिलीच्या लोखंडी काठावर हाणली.

ठण्. ठण्.

तिनं मान वर केली नाही. माइक निसटला आणि काठीवरून खर्रर्र करत खाली घसरला. तो आवाज ऐकून मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. मी दोन्ही हातांनी, सगळ्या अंगानिशी तिसरा ठोका घातला.

विद्यानं वर बघितलं.

तिनं उडी मारली ती फोन सोडून. पाक वाफ्यात पसरला तेव्हा ती काठावर गुडघ्यांवर होती, आणि तिची एक चप्पल नि तो फोन उकळत्या गुळाखाली गेले होते. माइक माझ्या पायापाशी पडला होता. मी धापा टाकत होतो. आकाराम दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसला आणि मला शिव्या द्यायला लागला. मग रडायला लागला, मग परत शिव्या. एवढ्या गोड शिव्या मी जन्मात खाल्ल्या नाहीत.

७

चार दिवसांनी आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो, विद्या, जोतीराम आणि मी. आधी आवाज ऐकला. ठोके एकदाच होते. एक्केचाळीसला सुरू, मग खर्रर्र, मग तिसरा, मग माझी धाप. चारही तुकडे एकाखाली एक लावले. सुयांवर सुया.

"म्हंजे आधी वाजलंच न्हाय," जोतीराम म्हणाला. "तुमी वाजवलं, तेच."

मी खिशातून कागद काढला. '४१ से. – काढणे'. अक्षर माझं. काठी दोन्ही हातांत असताना मी हे कधी लिहिलं? नंतर लिहिलं असेल. भेदरलेला माणूस काहीही करतो. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

मग जोतीरामनं कॅमेऱ्यातलं लावलं. गुऱ्हाळ, वाफ, वाकलेल्या माना. कोपऱ्यात मी, कागदावर वाकलेला, पेन्सिल चाललेली. काहिलीच्या पलीकडं वाफ जरा विरळ झाली.

"थांब," विद्या म्हणाली. "मागं घे."

त्यानं एकेक चित्र मागं घेतलं. वाफेत कुणीतरी उभं होतं. डोक्यावर हेडफोनसारखा काळा पट्टा. दोन्ही हातांत काठी, वर उचललेली. चेहरा वाफेनं पुसला होता, पण मान ताठ होती आणि नजर विद्यावर. अलीकडच्या कोपऱ्यात मी अजून लिहीतच होतो. पुढच्या चित्रात पांढरी वाफ, आणि काही नाही.

जोतीराम घसा खाकरून म्हणाला, "वाफंत सावली पडती कवा कवा." मी 'व्हय' म्हणालो. तो उठला आणि पाणी प्यायला गेला.

विद्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. माउसवर तिचं बोट होतं. "अप्पा, हे काढायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, "न्हाय. ऱ्हाऊ दे."

पाचवा भाग तसाच चढवला. तो किती लोकांनी बघितला ते आम्हाला आठवडाभर कळलं नाही, कारण बघायला फोनच नव्हता. आता नवा आणलाय. जेवायच्या वेळी तो किटलीत जातो, आणि हा नियम तिनंच घातला. पहिल्या दिवशी तिनं फोन टाकला आणि किटली माझ्यापुढं धरली.

"माझ्याकडं कुठला फोन?" मी म्हणालो.

तिनं नुसतं माझ्या गळ्याकडे बोट केलं. मी हेडफोन काढून किटलीत ठेवला. शांतव्वानं झाकण लावलं आणि म्हणाली, "आता जेवा गप."

गप्पच होतो. सवयीनं मनातल्या मनात मोजत होतो. ताटात आमटी पडल्याचा आवाज, बाहेर कुणाची तरी सायकल, शांतव्वाच्या बांगड्या. उघड्या कानांनी सगळं किती जवळ ऐकू येतं, हे मी विसरलो होतो. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

एक्केचाळीसला मी मान वर केली. विद्या माझ्याकडंच बघत होती.